एकाच गटाच्या दोन नोंदी: विसंगत माहितीच्या साठ्यातून तर्क कसा काढावा

गट नंबर २१४. सातबाऱ्यावर जिरायत. आमच्या पोरांनी बांधावर जाऊन पाहणी केली तर चालू बोअर, म्हणजे बागायत. क्षेत्र एका कागदावर १ हेक्टर २० आर, दुसऱ्यावर ३ एकर. पीक एका तक्त्यात सोयाबीन, दुसऱ्यात तूर. (नंबर बदलला आहे.) परभणी-हिंगोली पट्ट्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची माहिती मी सांभाळतो, आणि असा एखादा गट सापडला नाही असा आठवडा जात नाही.

पूर्वी मी एकच करायचो: दोन्हींतली बरी वाटणारी नोंद ठेवायची, दुसरी खोडायची. आता करत नाही. खोडलेली नोंद पुढे कितीदा खरी निघते हे पाहिल्यावर हात आखडतो. माहितीत विसंगती आहे हीसुद्धा माहितीच आहे. ती जपून ठेवूनही बाकीच्या प्रश्नांची उत्तरं नीट काढता येतात, फक्त त्याची रीत माहीत पाहिजे. सभासद यादी, गावाचं जलसंधारण रजिस्टर, दवाखान्याची औषधनोंद, संगणकावरचा नियमांचा साठा, कुठेही ही रीत लागू पडते.

पहिल्यांदा धोका ओळखा

आपल्याकडे चार विधानं आहेत असं धरू.

१. गट २१४ जिरायत आहे. (सातबारा)
२. गट २१४ मध्ये चालू बोअर आहे. (पाहणी)
३. चालू बोअर असलेला गट बागायत धरायचा. (आपला नियम)
४. बागायत गट जिरायत नसतो. (आपला नियम)

दोन, तीन आणि चार मिळून निघतं: गट २१४ जिरायत नाही. एक म्हणतं: आहे. आता शाळेत शिकवतात त्या तर्कशास्त्राने पुढे चला. "गट जिरायत आहे" हे खरं असेल, तर "गट जिरायत आहे किंवा जायकवाडीचे सत्तावीसही दरवाजे उघडे आहेत" हेही खरं, कारण "किंवा"च्या एका बाजूला खरं असलं की पुरे. आणि "गट जिरायत नाही" हेही आपल्याकडे आहेच. मग "किंवा"ची पहिली बाजू पडली, उरली दुसरी: जायकवाडीचे सगळे दरवाजे उघडे आहेत. भर उन्हाळ्यात, धरणाच्या भिंतीकडे न बघता, सेलूतल्या आपल्या गट २१४ च्या एका बोअरवरून पैठणला पूर आला.

तर्कात कुठेही चूक झालेली नाही. एका विसंगतीतून वाटेल ते सिद्ध होतं, आणि त्याचं उलटंही सिद्ध होतं. तर्कशास्त्रात याला स्फोटाचा नियम म्हणतात. साठ्यात दहा हजार नोंदी बरोबर आणि एकच जोडी विसंगत असली तरी, निखळ अभिजात, म्हणजे वर वापरलेल्या शाळेतल्या, तर्काने चालणारं यंत्र प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणू शकतं.

तुमचं साधन यातलं नेमकं काय करतं ते तपासून घ्या. ओडब्ल्यूएल या संगणकी भाषेतली ऑन्टॉलॉजी (संकल्पना आणि त्यांच्या नियमांचा साठा) विसंगत झाली की प्रोटेजेसारख्या, असे साठे बनवायच्या साधनातलं तर्कयंत्र सरळ "विसंगत" सांगून थांबतं. हा प्रामाणिकपणा आहे, पण काम अडतं. एसक्यूएलचा, म्हणजे तक्त्यांत माहिती ठेवणारा साधा डेटाबेस थांबत नाही आणि स्फोटही करत नाही. तो एकाच गटाच्या दोन ओळी गुपचूप दोनदा मोजतो, नाहीतर आधी हाती लागलेली ओळ उचलतो. मला या शांत चुकीची जास्त धास्ती वाटते, कारण ती अहवालात बेरजेच्या रूपाने जाते आणि बेरजेकडे कुणी संशयाने बघत नाही.

विसंगती खरी आहे का?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आमच्याकडच्या बहुतेक भांडणाऱ्या नोंदी मुळात भांडतच नव्हत्या.

एकक बघा. १ हेक्टर २० आर म्हणजे १२० आर. गुंठा आरापेक्षा किंचित मोठा, साधारण १.०१ आरांचा. हिशेब केला तर २ एकर साडेअडतीस गुंठे येतात. शेतकऱ्याने तोंडी "तीन एकर" सांगितलं ते दीड गुंठ्याच्या आत बरोबर आहे. इथे कुणी खोटं बोललेलं नाही. अशा जागी "दोन्ही आकडे दोन टक्क्यांच्या आत असतील तर एकच समजा" असा नियम लिहून ठेवा आणि पुढे चला.

काळ बघा. "औंढा नागनाथ परभणी जिल्ह्यात" आणि "औंढा नागनाथ हिंगोली जिल्ह्यात" ही दोन्ही विधानं खरी आहेत, कारण १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला. जालना १९८१ मध्ये झाला, लातूर १९८२ मध्ये. मराठवाड्यातला जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवले की जिल्ह्यांची भांडणं लागणारच. निजामकाळच्या कागदावर तर फसली सन, म्हणजे महसुली कामाचं वर्ष, असतो. त्यात ५९० मिळवले की ढोबळमानाने इसवी सन मिळतो, म्हणजे फसली १३५७ हे १९४७-४८. हे ठाऊक नसलेल्या पोराने १३५७ जसाच्या तसा टाकला, तर तुमच्या साठ्यात सहाशे वर्षांपूर्वीचा खातेदार हजर होतो.

नाव बघा. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव या जोड्या संगणकाला आपोआप कळत नाहीत. माणसांच्या नावांचं तर विचारूच नका. माहेरचं नाव, सासरचं नाव, आधारवरचं नाव आणि वारस फेरफाराला लावलेलं नाव अशा चार रूपांत एकच बाई उभी असते.

आणि मग नियमच बघा. गट २१४ मध्ये सोयाबीन की तूर? आमच्या साठ्यात एक नियम होता: एका हंगामात एका गटात एकच पीक. तो कुणी लिहिला ते कुणाला आठवत नाही. बहुधा तक्त्यात पिकाचा रकाना एकच होता म्हणून तो आपोआप झाला असावा. पण आपल्याकडे सोयाबीनच्या ओळींमध्ये तुरीचे तास घालणं ही रोजची गोष्ट आहे. एकाने ऑगस्टमध्ये पाहिलं तेव्हा डोळ्यात सोयाबीन भरलं. दुसरा नोव्हेंबरमध्ये गेला तेव्हा सोयाबीन निघून गेलं होतं, उभी होती ती तूर. दोन्ही नोंदी खऱ्या. खोटा होता तो नियम, आणि त्याच्यापायी आम्ही दोन हंगाम चांगल्या पाहण्या "चुकीच्या" म्हणून बाद करत होतो. विसंगती दिसली की बोट आधी माणसाकडे जातं. ते नियमाकडेही वळवा.

प्रत्येक नोंदीला आगापिछा लावा

हे न करता पुढचं काहीच जमत नाही. "गट २१४ जिरायत" एवढंच लिहू नका. कोण सांगतंय, कशावरून सांगतंय, ते प्रत्यक्ष पाहिलं कधी, आणि साठ्यात नोंदवलं कधी, हे चार रकाने लागतातच.

शेवटच्या दोन तारखा वेगळ्या ठेवायच्या हे मी नुकसान सोसून शिकलो. आमच्याकडे नियम होता की नंतर आलेली नोंद खरी. दिसायला शहाणा नियम. एका संध्याकाळी जुन्या पाहणीची फाइल पुन्हा चढवली गेली आणि तिच्यातल्या सगळ्या ओळींना त्या दिवसाची तारीख लागली. दोन वर्षांपूर्वी आटलेले बोअर पुन्हा "चालू" झाले आणि ताज्या नोंदी त्यांच्याखाली दबल्या. पाहिल्याची तारीख वेगळी असती तर एका ओळीच्या प्रश्नाने हे पकडता आलं असतं. ते निस्तरायला तीन आठवडे गेले.

भांडणाचं मूळ शोधा

"साठा विसंगत आहे" या वाक्याचा उपयोग नाही. कोणती विधानं एकत्र आल्यावर विसंगती होते आणि त्यातलं एकही काढलं तर ती मिटते, असा सगळ्यात लहान गठ्ठा हवा. हाताने करता येईल अशी रीत आहे. विसंगत ढीग घ्या. त्यातलं एकेक विधान बाजूला काढून बघा. ते काढूनही विसंगती उरली तर ते बाहेरच राहू द्या, त्याचा या भांडणाशी संबंध नाही. काढल्यावर विसंगती मिटली तर ते परत आत ठेवा, ते भांडणातलंच आहे. सगळी विधानं एकदा अशी तपासून झाली की आत उरतो तो गठ्ठा. चाळीस विधानांना चाळीस तपासण्या. ढीग मोठा असेल तर अर्धा-अर्धा कापत जा, लवकर होतं.

आपल्या उदाहरणात पहिला गठ्ठा १, २, ३, ४ हाच. पिकाच्या नियमासकट केलं असतं तर दुसरा गठ्ठा सापडला असता: सोयाबीन, तूर आणि "एकच पीक". एक गठ्ठा सापडला म्हणून थांबू नका. त्यातलं एक विधान तात्पुरतं बाहेर ठेवून उरलेल्या पूर्ण ढिगावर हीच रीत पुन्हा चालवा, मग दुसऱ्या विधानासाठी पुन्हा. साठा सुसंगत करायचा तर प्रत्येक गठ्ठ्यातलं किमान एक विधान हलवावं लागतं. चार आणि तीनचे दोन गठ्ठे म्हणजे एक-एक विधान काढण्याच्या बारा वाटा. संगणकशास्त्रज्ञ रेमंड रायटर यांनी १९८७ मध्ये बिघडलेल्या यंत्राचं निदान याच पद्धतीने मांडलं. यंत्राचा कोणता भाग बिघडला आणि साठ्यातलं कोणतं विधान बिघडलं, दोन्ही प्रश्नांचा आकार एकच आहे.

तोवर उत्तरं कशी द्यायची

बांधावर जाऊन खात्री करायला महिना लागेल. पण उद्या दोन बैठका आहेत, एक ठिबकवाल्या बागायतदारांची, एक शेततळ्यात रस असणाऱ्या जिरायतदारांची. गट २१४ च्या मालकाला निरोप द्यायचा की नाही? इथे दोन रीती आहेत, आणि त्यांची उत्तरं वेगळी येतात.

पहिली रीत चार उत्तरांची. नुएल बेल्नॅप या तर्कशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये संगणकाने विचार कसा करावा या प्रश्नावर लिहिताना ती मांडली. प्रत्येक विधानाला खरं आणि खोटं या दोनऐवजी चार शेरे: साठ्याला फक्त "हो" सांगितलं गेलंय, फक्त "नाही" सांगितलं गेलंय, दोन्ही सांगितलंय, काहीच सांगितलेलं नाही. "दोन्ही" याचा अर्थ जमीन एकाच वेळी जिरायत आहे आणि नाही असा नाही. साठ्याकडे दोन्ही बाजूंचे सांगावे आलेत, एवढाच. हा फरक सहकाऱ्यांना नीट समजावून सांगा. नाहीतर पहिल्याच दिवशी कुणीतरी "असं कसं असेल?" म्हणून रकाना रिकामा करून टाकतो.

या रीतीत स्फोट का होत नाही ते बघा. "जिरायत" ला शेरा "दोन्ही". "जायकवाडीचे दरवाजे उघडे" ला शेरा "काहीच नाही". "जिरायत किंवा दरवाजे उघडे" हे मान्य होतं, "जिरायत नाही" हेही मान्य होतं, कारण तेही सांगितलं गेलंय. पण त्यावरून दरवाजे उघडे असल्याचं निघत नाही, तो शेरा "काहीच नाही" वरच राहतो. "या दोनपैकी पहिलं नाही, म्हणजे दुसरं" ही रोजची उडी इथे बंद होते. तेवढी किंमत मोजावी लागते. मी मधला मार्ग ठेवला आहे: ज्या विधानाला "दोन्ही" शेरा नाही तिथे ती उडी खुशाल मारायची, जिथे आहे तिथे मनाई. निरोपाचं उत्तर: जिरायत असल्याचा सांगावा आहे आणि बागायत असल्याचाही आहे, म्हणून दोन्ही बैठकांना बोलवा.

दुसरी रीत दुरुस्त्यांची. नियम पक्के धरून फक्त नोंदी हलवायच्या ठरवल्या तर साठा दोन प्रकारे सुसंगत होतो: सातबाऱ्याची नोंद काढून, किंवा पाहणीची काढून. दोन्ही दुरुस्त साठ्यांत जे टिकतं तेवढंच खात्रीचं म्हणायचं. क्षेत्र दोन्हींत तेच, म्हणून खात्रीचं. मालकाचं नाव खात्रीचं. "ठिबकच्या बैठकीला बोलवा" एका साठ्यात आहे, दुसऱ्यात नाही, म्हणून खात्रीचं नाही. पण "कोणत्या ना कोणत्या बैठकीला बोलवा" हे दोन्हींत निघतं, म्हणून ते खात्रीचं. डेटाबेसच्या जगात १९९९ मध्ये अरेनास, बेर्टोसी आणि चोमिकी यांनी हा विचार नेटका बांधला. तर्कशास्त्रात त्याची मुळं १९७० पर्यंत जातात.

मी निवड अशी करतो. चुकून जास्तीचं झालं तरी बिघडत नाही अशा कामाला चार शेऱ्यांची रीत. निरोप, बैठक, सल्ल्याचा मेसेज ही त्यातली. जिथे चुकीचा "हो" कुणाचा पैसा किंवा हक्क घालवतो तिथे दुसरी रीत. विम्याची यादी, नुकसानीची यादी, कर्जाची शिफारस ही त्यातली.

दुसऱ्या रीतीत एक खड्डा आहे. दोन-दोन बाजूंची तीस वेगवेगळी भांडणं असतील तर दुरुस्त साठे १०७ कोटींच्या वर जातात. ते सगळे मांडत बसू नका. गट २१४ च्या भांडणाचा गट ३०५ च्या भांडणाशी संबंध नसतो. प्रश्न ज्या गठ्ठ्याला शिवतो तेवढाच गठ्ठा उघडा.

वजन कुणाला किती

सगळे साक्षीदार सारखे नसतात. मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचं शास्त्र बांधणाऱ्यांनी, हा प्रश्न फार जुन्या काळी हाताळला आहे. जैमिनीच्या सूत्रांत श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या असा अर्थ ठरवणाऱ्या सहा आधारांचा क्रम आहे. दोघांत विरोध आला तर क्रमात आधीचं ते बलवान. आणि दोन्ही बाजू तुल्यबळ असतील तर? न्याय या जुन्या भारतीय तर्कशास्त्रात त्या दोषाला सत्प्रतिपक्ष म्हणतात: समोर तितकाच जोरकस उलटा हेतू, म्हणजे कारण, उभा असेल तर कोणताच निष्कर्ष निघत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण "ठरवता येत नाही" हे उत्तर आपण द्यायला लाजतो.

कायद्यातही हीच तऱ्हा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५७ सांगतं की अधिकार अभिलेखातली (जमिनीच्या हक्कांच्या सरकारी दप्तरातली) नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीर नवी नोंद येईपर्यंत, खरी समजायची. "उलट कळेपर्यंत खरं धरून चाला" हाच तो तर्क, ज्याला रायटर यांनी १९८० मध्ये गणिती रूप दिलं. म्हणजे तलाठी कार्यालयात तो आधीपासूनच चालू होता.

पण एक चूक टाळा. साक्षीदाराला एकदाच सरसकट वजन देऊ नका, प्रश्न बघून द्या. मालकी कुणाची याला सातबारा भारी. आज बोअरला पाणी आहे का याला सातबारा काय सांगणार? तिथे बांधावर उभी असलेली बाई भारी. पाऊस किती पडला याला महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाचा आकडा भारी, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची अतिवृष्टीची रेघ त्यावरच ठरते. पण या शिवारात पाणी साचलं का, हे दहा किलोमीटरवरचा पर्जन्यमापक सांगू शकत नाही. आम्ही उभ्या ओळींत साक्षीदार आणि आडव्या ओळीत प्रश्नाचे प्रकार असा तक्ता करून भिंतीला लावला आहे.

खात्री झाल्यावर कमीत कमी हलवा

शेवटी आम्ही गट २१४ वर गेलो. मालकीणबाई म्हणाल्या, "बोअर हाय की. पर पाणी कुठंय? संक्रांतीपस्तोर चालतंय, मग नुस्ती हवा येती."

चारही विधानांकडे पुन्हा बघा. सातबारा चुकला नव्हता, पाहणीही चुकली नव्हती, ती डिसेंबरमधली होती. ढिला होता तो तिसरा नियम. आम्ही तो बदलला: बारमाही पाणी असलेल्या बोअरचा गट बागायत, आणि हंगामी पाण्यासाठी वेगळा तिसरा वर्ग. बाकी तिन्ही विधानं जागच्या जागी राहिली.

आल्चुरोन, गार्देनफोर्स आणि मॅकिन्सन या तिघांनी १९८५ मध्ये समजुती बदलण्याचं जे शास्त्र बांधलं त्याचा गाभा हाच: नवी गोष्ट मान्य करताना जुन्यातलं लागेल तेवढंच सोडा, जास्त नाही. जे सोडाल तेही पुसू नका. "अमुक तारखेपासून लागू नाही, कारण अमुक" असं लिहून निवृत्त करा. फेरफाराच्या वहीत जुनी नोंद फाडून टाकत नाहीत, नव्या नोंदीने तिची जागा घेतात, तसंच. नियम बदलला की त्याच्या आधारावर आधी काढलेले निष्कर्षही परत तपासावे लागतात. म्हणून प्रत्येक निष्कर्षाशेजारी तो कोणत्या विधानांवर उभा आहे त्यांचे क्रमांक लिहायची सवय ठेवा. आमच्याकडे तिसऱ्या नियमावर उभे असलेले आणखी एकोणीस गट निघाले.

हल्ली सगळे कागद एखाद्या एआय चॅटबॉटला देऊन उत्तर मागायची पद्धत आली आहे. मीही वापरतो. पण तो विसंगती दिसली तरी बऱ्याचदा एकच गुळगुळीत उत्तर देतो. म्हणून उत्तर मागू नका. "या कागदांत एकमेकांना छेद देणारी विधानं कोणती, प्रत्येक कुठल्या कागदातलं" असं विचारा, आणि मूळ कागद उघडून ताडून बघा. निवाडा वरच्या रीतीनेच करा.

साठ्याची चाचणी

साठ्याची एक प्रत काढा. तिच्यात जाणूनबुजून एक विसंगती पेरा, एखाद्या गटाला दोन वेगळे मालक द्या. मग त्या गटाशी काही संबंध नसलेले वीस प्रश्न विचारा: दुसऱ्या गावातलं एकूण क्षेत्र, तूर लावणाऱ्यांची संख्या, असे. विसंगती पेरण्याआधीची आणि पेरल्यानंतरची उत्तरं शेजारी ठेवा. एकही उत्तर बदललं तर विसंगती गळतेय आणि गळती शोधायला हवी. त्यानंतर खुद्द त्या गटाचा मालक कोण हे विचारा. एकच नाव आलं तर साठा काहीतरी लपवतोय. दोन्ही नावं, दोन्हींचे कागद आणि पाहिल्याच्या दोन्ही तारखा समोर आल्या पाहिजेत. आम्ही ही चाचणी दर हंगामाला, पेरणीची यादी काढण्याच्या आदल्या आठवड्यात करतो.